होमब्रू स्पेल बॅलन्स करायचाय? मग फासे सगळ्यात शेवटी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या कल्पनेच्या खेळात होमब्रू, म्हणजे घरी बनवलेला, नवा स्पेल (जादूचा मंत्र) लिहायला बसलं की जवळपास प्रत्येकजण सगळ्यात आधी डॅमेज लिहितो. मग त्या डॅमेजला शोभेल अशी लेव्हल, मग एक भारी नाव, आणि सेव्ह (स्पेलचा परिणाम टाळायला समोरच्याने टाकायचा फासा) कुठला, रेंज किती, टिकणार किती वेळ हे सगळं शेवटी घाईघाईत कोंबलेलं. मग तिसऱ्या सेशनला लक्षात येतं की फायटरवाला प्लेयर नुसता फासे हातात खुळखुळवत बसलाय, कारण लढाई विझार्डने (जादूगाराने) पहिल्याच टर्नला निकालात काढली. अशा वेळी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) काय करतो तर फासे कमी करतो, आठाचे सहा, सहाचे पाच, आणि तरी काही फरक पडत नाही कारण गडबड फाशांत नव्हतीच.

म्हणून क्रम उलटा धरायचा. आधी स्पेलचं काम, मग त्याचे नातेवाईक (तेच काम करणारे ऑफिशियल स्पेल), मग लेव्हल, मग लगाम (स्पेलवरच्या मर्यादा), आणि फासे सगळ्यात शेवटी.

आकडे सगळे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनचे आहेत, २०१४ च्या नियमांप्रमाणे. ८डी६ असं लिहिलं की सहा बाजूंचे आठ फासे.

सगळीकडे एकच उदाहरण घेते. एका प्लेयरने मला हा स्पेल आणून दिला होता, नाव "मुळांची मिठी":

दुसरी लेव्हल, एक ॲक्शन, रेंज ६० फूट, २० फूट त्रिज्येचं वर्तुळ. आतल्या सगळ्यांनी स्ट्रेंग्थ सेव्ह करायचा, नापास झाला तर ४डी६ डॅमेज आणि एक मिनिट रिस्ट्रेन्ड (जखडलेला), पास झाला तर अर्धं डॅमेज. कॉन्सन्ट्रेशन नाही.

(कॉन्सन्ट्रेशन म्हणजे स्पेल चालू ठेवायला तो टाकणाऱ्याने धरून ठेवायचं लक्ष.) आणि वर त्या प्लेयरचं म्हणणं, "डीएम गाईडमधल्या टेबलात दुसऱ्या लेव्हलला अनेक टार्गेटसाठी ४डी६च दिलंय, बघ!" डीएमसाठीच्या त्या ऑफिशियल पुस्तकात खरंच दिलंय. आकडा बरोबर होता आणि स्पेल पूर्ण तुटलेला होता.

## ०. बसण्याआधी चार गोष्टी कागदावर

एडिशन एकच धरा. क्युअर वुंड्स (जखमा भरणारा स्पेल) २०१४ मध्ये १डी८ आहे आणि २०२४ मध्ये २डी८, त्यामुळे तुलना करायला एक स्पेल इकडचा आणि एक तिकडचा घेतलात तर पुढचं सगळं गणित वाया.

पार्टीची लेव्हल (ही कॅरेक्टरची, स्पेलच्या लेव्हलपेक्षा वेगळी), स्पेल सेव्ह डीसी (सेव्ह पास व्हायला गाठायचा आकडा) आणि स्लॉट (स्पेल किती वेळा टाकता येतील याचा कोटा) लिहा. पाचव्या लेव्हलचा विझार्ड, इंटेलिजन्स मॉडिफायर अधिक ४ असेल तर डीसी १५ (८ अधिक प्रोफिशियन्सी ३ अधिक ४), आणि स्लॉट पहिल्या लेव्हलचे ४, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे २.

फाशांची सरासरी पाठ नसेल तर कोपऱ्यात लिहून ठेवा. डी४ चे २.५, डी६ चे ३.५, डी८ चे ४.५, डी१० चे ५.५, डी१२ चे ६.५.

आणि चौथी गोष्ट, जी कुणीच लिहीत नाही, ती म्हणजे तुमच्या टेबलवर एका लाँग रेस्टमागे (मोठी विश्रांती, जिच्यानंतर स्लॉट परत भरतात) लढाया किती होतात. २०१४ च्या नियमांत दिवसाला मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ लढाया धरल्यात. बहुतेक ग्रुप एक किंवा दोन करतात. मग तुमच्या विझार्डचे नऊ स्लॉट आठ लढायांत वाटले जात नाहीत, ते एकाच लढाईत रिकामे होतात, आणि साधेसुधे स्पेलसुद्धा राक्षसी वाटायला लागतात. तेव्हा दुखणं स्पेलचं आहे की वेळापत्रकाचं, हे आधीच बघून घ्या.

## १. स्पेलचं काम एका वाक्यात

एक वाक्य, बास. "मुळं शत्रूंना जागीच जखडतात." आता प्लेयरचा मूळ स्पेल वाचा: जखडतो आणि चिरडतो. मधला तो "आणि" दिसला की लाल पेन घ्यायचा. दोन कामं करणारे स्पेल नसतात असं नाही, पण दुसऱ्या कामाची किंमत वेगळी मोजावी लागते आणि नेमकी तीच फुकटात घातलेली असते.

दुसरा प्रश्न, हे काम टेबलवर आधीच कुणाचं आहे का? कुलूप उघडणं रोगचं (Rogue, चोर धाटणीचं कॅरेक्टर) काम. नॉक नावाचा स्पेल तेच करतो, पण त्याचा ठोका ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. हा आवाज गंमत म्हणून घातलेला नाही, त्या आवाजामुळेच रोगची नोकरी शाबूत राहते. तुमच्या होमब्रूने आवाज न करता, हवं तितक्या वेळा, कुठलंही कुलूप उघडलं तर डॅमेज शून्य असूनसुद्धा एका प्लेयरचं कॅरेक्टर तुम्ही बाद केलंत.

चेक: वाक्यात "कुठलाही", "कायमचा", "आपोआप", "नेहमी" यातला एखादा शब्द आहे का? असेल तर आत्ताच खोडा, पुढे जाऊन जास्त त्रास होतो.

## २. तीन नातेवाईक शोधा

तेच काम करणारे तीन ऑफिशियल स्पेल काढायचे, जमलं तर एक तुमच्या लेव्हलखालचा, एक बरोबरीचा, एक वरचा. जखडण्यासाठी:

- एन्टँगल, पहिली लेव्हल. २० फुटांचा चौरस, स्ट्रेंग्थ सेव्ह, नापास झाला तर रिस्ट्रेन्ड. कॉन्सन्ट्रेशन, एक मिनिट. डॅमेज नाही. ॲक्शन घालवून सुटायचा प्रयत्न करता येतो.
- वेब, दुसरी लेव्हल. २० फुटांचा घन, डेक्स्टेरिटी सेव्ह, रिस्ट्रेन्ड. कॉन्सन्ट्रेशन, एक तासापर्यंत. नुसत्या अडकण्याचं डॅमेज नाही. इथेही ॲक्शन देऊन सुटता येतं.
- ब्लॅक टेंटॅकल्स, चौथी लेव्हल. २० फुटांचा चौरस, डेक्स्टेरिटी सेव्ह, ३डी६ आणि रिस्ट्रेन्ड, अडकलेल्याला पुढच्या टर्नला परत ३डी६. कॉन्सन्ट्रेशन, एक मिनिट. सुटायला ॲक्शन आहेच.

आता "मुळांची मिठी" याखाली ठेवा. दुसऱ्या लेव्हलचा स्पेल, पहिल्या फटक्याचं डॅमेज चौथ्या लेव्हलच्या स्पेलपेक्षा जास्त, सुटायची सोय नाही, कॉन्सन्ट्रेशन नाही. आणि जागा? २० फुटांचा चौरस म्हणजे पाच-पाच फुटांचे १६ चौकोन, तर २० फूट त्रिज्येच्या वर्तुळात साधारण ५० मावतात. "दोन्हीकडे २०च तर लिहिलंय" हे मी इतक्या वेळा ऐकलंय! त्रिज्या आणि बाजू यांत घोळ झाला की स्पेल गपचूप तिप्पट मोठा होतो.

थांबा: फायरबॉलला कधीच नातेवाईक धरू नका. तिसऱ्या लेव्हलला टेबल अनेक टार्गेटसाठी ६डी६ सांगतं, सरासरी २१, आणि फायरबॉल देतो ८डी६, सरासरी २८. लायटनिंग बोल्टचंही तेच. हे दोघं घरातले लाडोबा आहेत, त्यांच्या मापाने शिवलेला प्रत्येक कपडा ढगळाच होणार.

## ३. लेव्हल

इथे कॅल्क्युलेटर लागत नाही. तुमचा स्पेल त्याच लेव्हलच्या एखाद्या स्पेलपेक्षा सगळ्याच बाबतीत सरस असेल, म्हणजे तो जुना स्पेल यापुढे कुणीच घेणार नाही अशी वेळ येत असेल, तर लेव्हल चुकली. दोन बाबतीत सरस आणि दोन बाबतीत कमी असेल तर चालेल.

काही गोष्टींना मात्र ठरलेल्या पायऱ्या आहेत, त्या ओलांडायच्या नाहीत. मनसोक्त उडणं तिसऱ्या लेव्हलला मिळतं (फ्लाय, दहा मिनिटं, कॉन्सन्ट्रेशन). दुसऱ्या लेव्हलचा लेव्हिटेट नुसता वर-खाली नेतो. स्वतःला ३० फूट टेलिपोर्ट करणं दुसऱ्याला, ५०० फूट चौथ्याला. मेलेल्याला परत आणणं तिसऱ्यापासून सुरू, तेही मरून एक मिनिट व्हायच्या आत आणि ३०० गोल्डचे हिरे खर्ची घालून. तुमचा स्पेल यातली एखादी गोष्ट एक लेव्हल आधी देत असेल तर नुसता "अजून एक चांगला स्पेल" आला असं होत नाही, डीएमने आखलेली दरी, भिंत, नदी सगळं एक लेव्हल आधीच निकामी होतं.

## ४. लगाम: खरं बॅलन्सिंग इथे होतं

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घाला. आणि मी ज्या क्रमाने लिहितेय त्याच क्रमाने जा, कारण वरचा लगाम बदलला की खालचे आपोआप बदलतात.

कॉन्सन्ट्रेशन. एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशन स्पेल, आणि मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १० किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मे, यातला मोठा आकडा. एवढ्या एका नियमावर अख्ख्या एडिशनची जादू उभी आहे. माझ्याच टेबलवर मी एकदा "राखेचं धुकं" नावाचा तिसऱ्या लेव्हलचा स्पेल पास केला होता, आतले शत्रू आंधळे, थोडं डॅमेज, एक मिनिट, आणि कॉन्सन्ट्रेशन लिहायचं राहूनच गेलं. प्लेयरने पहिल्या टर्नला धुकं टाकलं, दुसऱ्या टर्नला त्यावरच कॉन्सन्ट्रेशनवाला दुसरा स्पेल. दोन सेशन मी धुक्याचं डॅमेज कमी करत बसले! शेवटी एक शब्द घातला आणि स्पेल लायनीवर आला, डॅमेज तर परत वाढवून दिलं.

नियम सोपा ठेवा: परिणाम एका टर्नपेक्षा जास्त टिकतो आणि शत्रूला काही करू देत नाही, तर कॉन्सन्ट्रेशन हवंच. नको असेल तर "पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत" एवढीच मुदत द्या.

परत सेव्ह करायची संधी. नापास व्हायचा चान्स ६० टक्के धरा. एकदाच सेव्ह आणि मग मिनिटभर बंदी असेल तर ६० टक्के वेळा तो शत्रू लढाईतून कायमचा बाद, कारण मिनिट म्हणजे दहा राउंड (एका राउंडमध्ये सगळ्यांचा एकेक टर्न) आणि लढाई तीन-चार राउंडमध्ये आटपते. होल्ड पर्सन या गोठवणाऱ्या स्पेलसारखी दर टर्नच्या शेवटी संधी दिलीत तर सुरुवातीच्या सेव्हनंतर दोन टर्न संपल्यावरही अडकलेला असायचा चान्स ०.६ गुणिले ०.६ गुणिले ०.६, म्हणजे साधारण २२ टक्के. नाव तेच, लेव्हल तीच, ताकद एक तृतीयांश. (ॲक्शन देऊन सुटायची सोय थोडी वेगळी पडते, तिथे सुटला तरी शत्रूची ॲक्शन गेलेली असते, म्हणजे कॅस्टरच्या बाजूने जरा झुकतं माप.)

सेव्ह कुठला. लोकांना वाटतं सगळे सेव्ह सारखेच, स्पेलच्या थीमला जो शोभेल तो घ्यायचा. आता ओगर बघा, दांडगा पण मठ्ठ राक्षस. कॉन्स्टिट्यूशन अधिक ३, डेक्स्टेरिटी उणे १, विझडम उणे २, इंटेलिजन्स उणे ३. डीसी १५ समोर कॉन्स्टिट्यूशन सेव्हला तो ५५ टक्के वेळा नापास होतो आणि इंटेलिजन्सला ८५ टक्के वेळा. इंटेलिजन्स सेव्ह मागणारे स्पेल ऑफिशियल यादीत मोजकेच आहेत आणि बहुतेक मठ्ठ राक्षसांकडे त्याला उत्तरच नसतं, म्हणून होमब्रूमध्ये इंटेलिजन्स सेव्ह दिसला की मी आपोआप अर्धी लेव्हल वर मोजते. सेव्हच नाही, अटॅक रोलही नाही, थेट परिणाम, असं असेल तर आणखी वर. मॅजिक मिसाइल असं करतो, पण तो नुसतं साडेदहाच्या आसपास डॅमेज देतो आणि शांत बसतो, कुणाला बांधून ठेवत नाही.

ॲक्शन, बोनस ॲक्शन (टर्नमध्ये ॲक्शनशिवाय मिळणारी जादा छोटी कृती), रिॲक्शन. २०१४ मध्ये क्युअर वुंड्स १डी८ बरं करतो पण ॲक्शन घेतो आणि हात लावावा लागतो, हीलिंग वर्ड १डी४च देतो पण बोनस ॲक्शन आणि ६० फुटांवरून. आणि टेबलवर बघाल तर हीलिंग वर्डच जास्त वापरला जातो. म्हणजे निम्मे फासे गेले तरी बोनस ॲक्शन परवडते. त्यामुळे "जरा वेगळं वाटावं म्हणून बोनस ॲक्शन केलं" हे कारण चालणार नाही, बोनस ॲक्शन केलीत तर निम्म्यावर या.

जागेबद्दल वर बोललोच. महागडे सामान हा लगाम डीएम सोन्याचा हिशोब ठेवत असेल तरच चालतो, आणि ते सामान दर वेळी खर्ची पडतं की नाही हे लिहायला विसरलात तर तो लगामच नाही, एकदाची वर्गणी आहे.

चेक: आता स्पेलमधले सगळे फासे बोटाने झाका आणि उरलेला स्पेल वाचा. फाशांशिवायही तुम्हाला तो स्लॉट खर्च करावासा वाटतो का? वाटत असेल तर फाशांसाठी फारशी जागा उरलेली नाही.

## ५. आता फासे

गाईडमधले आकडे, पहिला एका टार्गेटसाठी आणि दुसरा अनेकांसाठी:

- कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा साधा स्पेल): १डी१०, १डी६
- पहिली: २डी१०, २डी६
- दुसरी: ३डी१०, ४डी६
- तिसरी: ५डी१०, ६डी६
- चौथी: ६डी१०, ७डी६
- पाचवी: ८डी१०, ८डी६
- सहावी: १०डी१०, ११डी६
- सातवी: ११डी१०, १२डी६
- आठवी: १२डी१०, १३डी६
- नववी: १५डी१०, १४डी६

यात सेव्ह पास झाला तर अर्धं डॅमेज धरलेलं आहे. पास झाल्यावर काहीच होत नसेल तर २५ टक्के वाढवायची मुभा आहे.

आता मुख्य मुद्दा, जिथे मुळांवाला प्लेयर फसला. हे टेबल नुसतं डॅमेज देणाऱ्या स्पेलसाठी आहे. स्पेल आणखी काही करत असेल तर त्याचे पैसे याच पाकिटातून जातात. किती जातात? ओगर एका फटक्याला सरासरी १३ डॅमेज देतो, म्हणजे ज्या कंडिशनमुळे त्याचा एक टर्न पूर्ण वाया जातो ती कंडिशन पार्टीचे १३ हिट पॉइंट वाचवण्याच्या लायकीची (प्रत्येक फटका लागत नाही, तरी अंदाजाला चालेल). रिस्ट्रेन्डने टर्न पूर्ण वाया जात नाही, पण हालचाल बंद, त्याच्या अटॅकला डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून वाईट तो धरायचा), आणि त्याच्यावरच्या प्रत्येक अटॅकला ॲडव्हान्टेज (दोनातला चांगला तो), जे ५० टक्क्यांचं ७५ करून टाकतं. माझा स्वतःचा ठोकताळा असा: शत्रूला हलकासा त्रास देणारी कंडिशन (एका टर्नपुरता वेग कमी वगैरे) असेल तर टेबलाचा एक फासा काढा, रिस्ट्रेन्ड किंवा ब्लाइन्डेड असेल तर निम्मे, आणि स्टन किंवा पॅरलाइझ असेल तर डॅमेज विसराच.

दर टर्नला डॅमेज देणारा स्पेल असेल तर तीन राउंडचं एकत्र डॅमेज मोजा आणि ते टेबलाशी ताडा. कॉन्सन्ट्रेशन तुटायची भीती असल्यामुळे थोडं वर गेलं तर चालतं.

डॅमेजचा प्रकार हासुद्धा फासाच आहे. पॉयझनला अनडेड, फीन्ड, कन्स्ट्रक्ट यातले कितीतरी इम्यून, फायरला रेझिस्टन्स असणारे ढिगाने, आणि फोर्सला (निव्वळ जादूच्या ताकदीचं डॅमेज) जवळपास कुणीच नाही. आगीचा स्पेल "फक्त रंग बदलायचा म्हणून" फोर्सचा करून मागणाऱ्या प्लेयरला गोड हसून एक फासा कमी करून द्या.

जागेत किती सापडणार हे मोजायला गाईडमध्येच सोपी रीत आहे, गोल असेल तर त्रिज्या भागिले ५, घन असेल तर बाजू भागिले ५, शंकू असेल तर लांबी भागिले १०, रेषा असेल तर भागिले ३०, अपूर्णांक आला तर वर. फायरबॉलमध्ये चार, बर्निंग हँड्सच्या १५ फुटी शंकूत दोन. नकाशावर दाटीवाटीने शत्रू ठेवायची सवय असलेल्या डीएमने यात भर घालावी.

तर "मुळांची मिठी" शेवटी अशी झाली:

दुसरी लेव्हल, एक ॲक्शन, ६० फूट, जमिनीवर १५ फुटांचा चौरस. कॉन्सन्ट्रेशन, एक मिनिटापर्यंत. टाकताक्षणी आतल्यांचा स्ट्रेंग्थ सेव्ह, नापास झाला तर २डी६ आणि रिस्ट्रेन्ड, पास झाला तर काही नाही. अडकलेला ॲक्शन घालवून डीसीविरुद्ध स्ट्रेंग्थ चेक करून सुटू शकतो. वरच्या स्लॉटने टाकला तर प्रत्येक लेव्हलला १डी६ जास्त.

वेबच्या शेजारी ठेवून बघा. वेब मोठा, तासभर टिकणारा, नव्याने आत येणाऱ्यालाही अडकवणारा. मिठी लहान, पण सात डॅमेज देते आणि स्ट्रेंग्थ मागते, म्हणजे चपळ पण हडकुळ्या शत्रूंवर भारी. आता दोन्ही घ्यावेसे वाटतात.

## ६. तोडून दाखवा

आता स्पेल तुमच्या ग्रुपमधल्या त्या एका माणसाकडे द्या. प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, नियमांतली फट शोधण्यात ज्याला जेवणापेक्षा जास्त आनंद मिळतो तो. तो नसेल तर स्वतः हे प्रश्न विचारा:

- सॉर्सररने मेटामॅजिक (स्पेल वाकवायची त्याची खास कला) लावून हा ट्विन (एकाऐवजी दोघांवर) किंवा क्विकन (बोनस ॲक्शनमध्ये) केला तर?
- वॉरलॉकला मिळाला तर? त्याचे स्लॉट शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) परत येतात, आणि पाचव्या लेव्हलला ते दोन्ही तिसऱ्या लेव्हलचे असतात.
- स्पर्शाचा असेल तर फॅमिलियर (जादूगाराचा जादुई सोबती प्राणी) तो नेऊन लावेल का?
- रिच्युअल असेल तर स्लॉट लागतच नाही, फक्त दहा मिनिटं जास्त. दिवसातून वीस वेळा केला तर काय होईल?
- कॅन्ट्रिप असेल तर शंभर वेळा? लढाईबाहेर, दुपारभर, कुणी अडवणारं नसताना?
- शत्रूला ढकलून परत परत आत नेता येतो का?

कॅन्ट्रिपबद्दल जरा जास्त कडक राहा. १डी६ डॅमेजचा कॅन्ट्रिप कुणाचं काही बिघडवत नाही, पण "एक घोटभर पाणी तयार होतं" किंवा "हातातली वस्तू पाच फूट सरकते" असला निरुपद्रवी कॅन्ट्रिप महिन्याभरात कॅम्पेनचं वाळवंट किंवा सापळे खाऊन टाकतो.

## ७. शब्द

स्पेल बरोबर आणि वाक्य चुकीचं, असं फार होतं. तीन ठिकाणी बघा. सेव्ह नेमका केव्हा, टाकताक्षणी की तिथे टर्न सुरू झाल्यावर की आत शिरल्यावर? "एका टर्नमध्ये पहिल्यांदा शिरल्यावर" असं लिहिलंत तर लक्षात घ्या, टर्न प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे एकाच राउंडमध्ये तीन मित्रांनी आपापल्या टर्नला ढकललं तर तीनदा लागू होतं. "क्रीचर" लिहिलंय की "शत्रू"? शत्रू लिहिलंत तर आपले लोक आपोआप वाचले, हा फुकट दिलेला फायदा आहे, जाणूनबुजून द्यायचा असेल तर द्या. आणि "पुढच्या टर्नपर्यंत" म्हणजे कुणाच्या टर्नपर्यंत, सुरुवातीपर्यंत की शेवटापर्यंत?

## ८. तीन खोट्या लढाया

सेशनबाहेर, अर्धा तास. नकाशा, स्टोरी काही नको.

पहिली, आठ गॉब्लिन. दुसरी, दोन ओगर. तिसरी, एक मोठा बॉस ज्याच्याकडे लेजन्डरी रेझिस्टन्स (नापास झालेला सेव्ह पास करून घ्यायची मुभा) आहे, आणि त्याचे चार-पाच चेले. प्रत्येक लढाई दोनदा खेळा, एकदा तुमचा स्पेल घेऊन आणि एकदा नातेवाईक स्पेल घेऊन. किती राउंड लागले आणि बाकीच्या पार्टीने किती काम केलं एवढंच लिहा.

गॉब्लिनवर डॅमेज मोजण्यात अर्थ नाही हे ध्यानात ठेवा, सात हिट पॉइंटच्या प्राण्यावर १४ डॅमेज केलंत काय आणि २८ काय. तिथे बघायचं ते किती जण जागेत सापडले. ओगरवर उलट, तिथे किती टर्न वाया गेले ते बघा.

चेक: तीनपैकी एका लढाईत स्पेल जोरदार चालला, एकीत बरा, एकीत फुसका, तर छान. तिन्हीत जोरदार चालला तर परत चौथ्या पायरीवर. पाचव्या नाही, चौथ्या.

## ९. टेबलवर दिल्यानंतर

प्लेयरला आधीच सांगून ठेवा की तीन सेशन ट्रायल, मग बदल होऊ शकतो. हे न सांगता दिलात आणि नंतर कापलात तर भांडण होणार, आणि चूक तुमची असणार. बदल करायचाच तर दोन सेशनच्या मध्ये करा, लढाई चालू असताना कधीही नाही. त्या रात्री बॉस मेला तर मरू द्या.

कापताना क्रम असा: आधी मुदत, मग कॉन्सन्ट्रेशन, मग परत सेव्ह करायची संधी, मग जागा, मग लेव्हल, आणि फासे शेवटी. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. उलटी अडचण असेल, म्हणजे स्पेल कुणी वापरतच नसेल, तर हाच क्रम उलटा, आधी फासे वाढवा, कारण ते सगळ्यात कमी धोक्याचं. आणि बदल केल्यावर प्लेयरला तो स्पेल सोडून त्याच लेव्हलचा दुसरा घ्यायची मुभा द्या, मधल्या काळात कॉपी करायला खर्च केलेलं सोनंही परत करा.

दुसऱ्या सिस्टिममध्ये खेळत असाल तर पायऱ्या याच, फक्त लगाम वेगळे. पाथफाइंडरच्या दुसऱ्या एडिशनमध्ये सेव्हचे चार निकाल असतात, क्रिटिकल सक्सेसपासून क्रिटिकल फेल्युअरपर्यंत, तर तिथे मिनिटभराची बंदी फक्त शेवटच्या निकालात ठेवा, आणि शत्रूला बाद करणारा स्पेल असेल तर त्यावर इनकॅपॅसिटेशन ट्रेट लावा, म्हणजे वरच्या लेव्हलच्या बॉसवर तो आपोआप एक पायरी सौम्य होतो. माना पॉइंटवर चालणाऱ्या सिस्टिममध्ये स्लॉटची अडवणूक नसते, एकच स्पेल दहा वेळा टाकता येतो, तेव्हा तिथे सहाव्या पायरीतला कॅन्ट्रिपचा "शंभर वेळा" वाला प्रश्न प्रत्येक स्पेलला विचारायचा.